तक्रारपेटीची किल्ली

सात वर्षं झाली, ही गोष्ट मी घरातसुद्धा काढलेली नाही. नवऱ्याला वाटतं, शनिवारी मी दमून येते म्हणून गप्प असते. तुम्हाला सांगते आहे — तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

रिसोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इतिहास शिकवते. तेव्हा तासिका तत्त्वावर होते. म्हणजे दर जूनमध्ये संस्थेची मर्जी राहिली तर नोकरी, नाहीतर नारळ. त्यात हौस अशी की शनिवारी दुपारी मी जागतिक इतिहासाचा जादा वर्ग काढला. पुस्तकाच्या वरचा, पण अगदी पहिल्यापासून सुरू होणारा. अकरा पोरं यायची. बाकीचे शिक्षक हसायचे — सोयाबीनच्या गावात व्हेनिस कुणाला पाहिजे? मला पाहिजे होतं. आणि पहिल्या बाकावरच्या दोघींना.

श्रेया कापड दुकानदाराची, जैन घरातली. वडील संस्थेच्या कार्यकारिणीवर. रंजना तांड्यावरची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तेव्हा ही धाकट्या बहिणीला घेऊन मावशीकडे राहायची. दोघी बारावीला, दोघींचा डबा एकच. श्रेयाला दिल्लीला जाऊन इतिहास शिकायचा होता. सगळ्या वर्गाला हे माहीत होतं, तिच्या घरी मात्र कुणालाच नाही. फॉर्म मी आणून दिला. शेजारी बसून भरूनही घेतला. मला फार अभिमान वाटला होता तेव्हा, स्वतःचाच.

मग व्हेनिसचा धडा आला. तिथं भिंतीत दगडी सिंहाची तोंडं असायची, निनावी चुगल्यांच्या चिठ्ठ्या टाकायला. आमच्याकडे सिंह कुठला? पण ऑफिसबाहेर तक्रारपेटी होती. प्रत्येक कॉलेजात असते तशीच — वरून आदेश आला म्हणून टांगलेली, आत फक्त कोळ्याची जाळी. शिपायाकडून मी किल्ली मागून घेतली. पोरांना म्हटलं, तुम्ही व्हेनिसचे नागरिक. एकेक खोटी चुगली लिहून टाका, नावं मनची घ्या.

रंजना व्हरांड्यात माझ्यामागं आली. मैत्रिणीचं नाव टाकलं तर चालेल का, म्हणाली, गंमत म्हणून. मी हसले. टाक, म्हटलं. हे आमच्या दोघींशिवाय कुणी ऐकलं नाही. एवढं लक्षात ठेवा.

तिची चिठ्ठी सगळ्यांत झकास होती. ‘श्रेया ही व्यापाऱ्याची मुलगी शहर सोडून पळायच्या बेतात आहे. तिला फूस लावणारी मीच.’ पुढच्या शनिवारी वाचून दाखवू म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या.

शनिवारच्या आधीच श्रेयाचे वडील आले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर घरी सापडलेली फॉर्मची प्रत ठेवली, तिच्यावरून हात फिरवून घडी मोडली, आणि मला हळू विचारलं,

“मॅडम, आमच्या पोरीच्या डोक्यात हे कोनं भरलं?”

मी — एवढं एकच अक्षर होतं. किती वेळ लागतो ते म्हणायला? मला जून दिसला. पुढच्या जूनचा कोरा कागद, त्यावर माझं नाव नसलेला. आणि मी पर्स उघडली.

हो. ती चिठ्ठी मी त्यांच्यापुढं सरकवली. अक्षर रंजनाचं, एवढं सांगितलं. खेळाची होती, हे सांगितलं नाही.

प्राचार्यांनी रंजनाला बोलावून घेतलं. तिनं आपलं अक्षर पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं — घाबरून नाही हो. सुटल्यासारखं. मॅडम इथंच आहेत, आता सांगतील, असं.

“सर, खेळ होता थो. नाव टाक म्हून मॅडमनंच सांगतलं मले.”

प्राचार्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मी म्हणाले, असं मी काही सांगितलं नव्हतं.

चिठ्ठी टेबलावर ठेवून रंजना बाहेर गेली. श्रेया त्यानंतर फक्त परीक्षेपुरती दिसली, आईच्या सोबतीनं. परीक्षा झाली तसं लग्न लावून दिलं. वर्गानं रंजनाला चुगलीखोर ठरवलं. एक शनिवार ती त्याच बाकावर एकटी बसून राहिली, मग उसाच्या फडावर आईबापांकडं निघून गेली. बारावी राहिली ती राहिलीच. जूनमध्ये मला नेमणुकीचा आदेश मिळाला. आता मी कायम आहे.

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती का? कदाचित नसतीही. मी ते विचारून पाहिलंच नाही.

तो धडा मी सहा वर्षं टाळला. यंदा पहिल्या बाकावर एक मुलगी येऊन बसते. हजेरी घेताना आडनाव वाचलं आणि मान वर करायला मला वेळ लागला. रंजनाची धाकटी बहीण. ती आगाऊपणा करत नाही, हसत नाही, पुस्तक वाचून पुढचं विचारते. गेल्या शनिवारी तिनंच तो धडा काढला, आणि शिकवावा लागला. सिंहाची तोंडं, चिठ्ठ्या, सगळं. शेवटी तिनं हात वर केला.

“मॅडम, चिठ्ठीवाल्यायचं समजलं. पन पेटी उघडनाऱ्याले कोनी इचारे का?”

“नाही,” मी म्हणाले. तिनं ते वहीत लिहून घेतलं.