क्रुसासमोर थांबलेला इनास

इनास गेल्याचं मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. सातवीच्या वर्गावर होतो. "गुरुजी, तुमचे ते बँडवाले मित्र गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मी पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिलो. गावात मैताची घंटा वाजते, पण ती ऐकू यायला घर चर्चच्या जवळ हवं. मी त्या घंटेवर रागावून केव्हाच नालासोपाऱ्याला राहायला गेलो... इनासला जाऊन आज सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. बोलतो. पण त्यासाठी आधी स्वतःविषयी वाईट बोलावं लागेल.

आम्ही वसईतले ख्रिस्ती बागायतदार. शेजारीच हिंदूंची आळी, त्यांच्याही केळीच्याच बागा. इनास गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे तो आखूड पितळी कर्णा, वाजवायचा. लग्न आमचं असो की त्यांचं, बँड आमचाच. आणि त्यांच्या गणपती विसर्जनालाही आमचाच. मिरवणुकीच्या वाटेवर आमचा क्रूस लागतो. तिथं दहा पावलं अलीकडे बँड थांबायचा, मिरवणूक मुकाट पुढं सरकायची आणि दहा पावलं पलीकडे पुन्हा वाजायला लागायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. आमच्या आज्यापणज्यांपासून चालत आलेलं.

आणीबाणी उठली त्या वर्षी ते मोडलं. नव्यानं आलेल्या फादरांनी वेदीवरून सांगितलं, मूर्तीपुढं वाजवणारा ख्रिस्ताला विकतो. तिकडे आळीतल्या पोरांनी ठरवलं, यंदा क्रुसासमोर थांबायचं नाही, तिथंच दणकून वाजवायचं. बँडमधले बाकीचे सगळे घरी बसले. इनास एकटा निघाला. मी त्याला अडवलं, तुझं डोकं फिरलंय म्हणालो. "शब्द दिलाय रे, पेद्रू. आणि कुणीतरी थांबवायला नको का त्यांना?" असं म्हणून तो गेला. त्याचं बोलणं मला तेव्हा कळलंच नाही. मला एवढंच कळलं की हा फादरांचं ऐकत नाही.

उन्हं कलली तेव्हा आम्ही वीस-पंचवीस जण क्रुसामागं बांबू आणि दगड घेऊन उभे होतो. मिरवणूक आली. दहा पावलं उरली तसं इनासनं कॉर्नेट तोंडापासून खाली घेतलं, दरवर्षीसारखं. मागून कुणीतरी त्याच्या कमरेत लाथ घातली. "वाजव! थांबतोस कुणासाठी?" तो गुडघ्यांवर कोसळला, उठला, पण वाजवलं नाही. दुसऱ्यानं कानफटात मारली, केस धरून मान वर ओढली. म्हणजे आमच्या क्रुसाचा मान राखला म्हणून तो त्यांचा मार खात होता. मान वर झाली तेव्हा तो सरळ माझ्याकडे बघत होता. मी त्याला ओढून घेईन असं त्याला वाटलं असणार... मी दगड मारला. अर्ध्या विटेएवढा, नेम धरून. दगड त्याच्या तोंडावर बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. इनास पडला आणि दोन्हीकडची माणसं त्याला तुडवत एकमेकांवर धावली. वरचा ओठ फाटून लोंबत होता, दात मातीत पडले होते, कॉर्नेट पायाखाली चपटं झालं होतं. मग कोयते निघाले. एका म्हाताऱ्याच्या खांद्याचं हाड उघडं पडलेलं मी पाहिलं. केळीची अख्खी बाग छाटली गेली, पेंढ्याची उडवी पेटली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला त्या क्षणी पाप केल्यासारखं वाटलं नाही. पुण्य केल्यासारखं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

इस्पितळात पोलिसांनी विचारलं, कुणी मारलं. ओठाला टाके होते, तरी तो कसंबसं बोलला. "गर्दी होती. दिसलं नाय." पुढचे दातच गेले, कॉर्नेट संपलं. तो सातिवलीच्या एका कारखान्यात माल बांधायच्या कामाला लागला. त्याची बायको कातरीन त्याला दोन महिने चमच्यानं पेज भरवत होती. मी मात्र तेव्हापासून चर्चची पायरी चढलो नाही. सभांमधून बोलू लागलो, धर्मसंस्था माणसाला जनावर करते म्हणून टाळ्या घेतल्या. दर रविवारी इनास चर्चमधल्या मिस्साहून, प्रार्थनेहून, परतला की मी त्याच्या ओट्यावर भांडायला हजर. "तुझे दात धर्मानं पाडले, आणि तू त्याच्यापुढंच गुडघे टेकतोस?" तो कवळी सावरत शांतपणे म्हणायचा, "मला सूर वाचायला चर्चनंच शिकवलं. बाप गेला तेव्हा आमचं घर गावानं शाकारलं, तेही फादरांनी सांगितलं म्हणून. ते कुठं टाकू?" एकदा मात्र माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "धर्माला हात असतात होय रे, पेद्रू?" मग मी तडक पोर्तुगीजांच्या काळात पळालो आणि तासभर त्यांनी केलेल्या जुलमांवर बोललो. तो ऐकत बसला.

फादरांचं ते वेदीवरचं प्रवचन झालं नसतं तर मी इनासवर हात उचलला नसता, हे मी आजही छातीठोक सांगतो. पण प्रवचन चर्चमधल्या सगळ्यांनीच ऐकलं होतं. माझी आईही तिथंच बसली होती, तिनं कुठं दगड उचलला...

इनासला महिना होईल त्या दिवशीच्या मिस्सानंतर दोन शब्द बोला, असं सांगायला कातरीनवहिनींनी मला बोलावून घेतलं. इनासची खोली तशीच होती, खिडकीपाशी त्याची खुर्ची. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "वहिनी, मी कुठल्या तोंडानं बोलू? तो दगड माझा होता." वहिनींनी पदर सारखा केला.

"ठाऊक आहे. इस्पितळातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं त्यांनी. म्हणाले, पेद्रू सांगायला येईल, त्याला दारातून परतवू नको. म्हणून दर रविवारी मी दोन कप चहा टाकायचे. आणि तुम्ही धर्मावर बोलून निघून जायचात."