अरुंधतीबाईंनी न उलटलेली पानं

लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या अरुंधतीबाई स्वतः पियानो वाजवत नसत. पण लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरकडून त्या पाश्चात्त्य संगीताचं नोटेशन वाचायला शिकल्या होत्या. त्या जोरावर तीस वर्षं पुण्या-लोणावळ्याच्या मैफलींत वादकाच्या डाव्या हाताला बसून त्यांनी पानं उलटली. मग वादक टॅबलेट घेऊन येऊ लागले आणि बाईंना बोलावणं बंद झालं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. चीड आली ती मैफलींची. अख्खा सोनाटा, म्हणजे तीन-चार भागांची सलग रचना, कुणाला नको होती. चार-चार मिनिटांचे तुकडे, त्यात एखादं सिनेमाचं गाणं आणि मधेमधे वादकाचं स्वतःच्या 'प्रवासा'वर भाषण. बाई त्याला फरसाण म्हणत.

यंदा जानेवारीत तुंगार्लीच्या राजेश्वरीने आपल्या बंगल्यावर श्रीयश नावाच्या तरुण पियानोवादकाचा कार्यक्रम ठेवला आणि बाईंना बोलावलं. पूर्ण सोनाटा आहे म्हटल्यावर बाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या. तिथे कळलं, श्रीयशला सगळं पाठ आहे. बाईंनी व्हिडिओपुरतं शेजारी बसायचं, पानं उलटायची. जुन्या काळचं वातावरण येतं म्हणे. बाईंना तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण सोनाट्यासाठी त्या बसल्या.

पहिला भाग बरा झाला. दुसरा, संथ भाग श्रीयशने आठ ओळींत गुंडाळला आणि थेट तिसऱ्यावर उडी मारली. कॅमेरावाल्याने पान उलटायची खूण केली. श्रीयशनेही दोनदा मान हलवली. बाईंचं बोट नवव्या ओळीखाली होतं, ते तिथून हललं नाही.

टाळ्या संपल्यावर राजेश्वरीने हसत विचारलं, मध्येच कुठे हरवलात का?

"मी नाही हरवले," बाई म्हणाल्या. "यातली सहा पानं वाजायची राहिलीत. मी थांबते."

श्रीयश हळूच म्हणाला, "मावशी, तेवढं हल्ली कोणी ऐकत नाही."

"तुम्हाला येतं का ते?"

श्रीयश पाण्याची बाटली शोधू लागला. बाईंनी नोटेशनचं पुस्तक मिटलं, त्याच्या हातात दिलं आणि त्या चहाला न थांबता घरी आल्या.

आठवड्याने भाची प्रतीक्षाने मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. बाई ताठ बसलेल्या, बोट पानावर. खाली शेकडो लोकांनी बदाम टाकले होते आणि एकाने लिहिलं होतं, आजी किती तल्लीन झाल्यात.

"असे श्रोते मिळाल्यावर," बाई मोबाइल परत देत म्हणाल्या, "श्रीयश दुसरा भाग कशाला बसवेल?"