कोंड्यावर आणलेला भाऊ

आजीची चार पोरं वर्षाची व्हायच्या आत गेली. कोडोलीत दुसऱ्याच्या शेतात राबायचं, संध्याकाळी आमटीत पाणी वाढवायचं आणि त्यात हे. जगली ती एकटी आत्ती. सात वर्षांनी आमचे आप्पा झाले... त्यांचं नाव ठेवलं कोंडिबा. ती आत्ती गेल्या महिन्यात गेली. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, ती शेवटपर्यंत आमच्यातच राहिली आणि घर तिच्या आवाजावर चाललं.

मी घरातली पहिली पदवीधर, तीही इतिहासाची. हे मी सांगणारच. तर आत्ती असतानाच एका लग्नात गडहिंग्लजच्या एक पाहुण्या मला म्हणाल्या, "तुझा बा कोंड्यावर आणलेला हाय की!" म्हणजे आप्पा दत्तक? घरी येऊन मी आधी आत्तीला गाठलं.

"दत्तक कसला, येडे! पोरं जगत नव्हती म्हणून आईनं त्याला शेजारच्या पारूच्या पदरात टाकला आन् सूपभर कोंडा देऊन परत घेतला. देवाला वाटावं, ह्ये पोरगं दुसऱ्याचं हाय."

एवढी शिकलेली मी आणि बापाच्या नावाचा अर्थ मला ठाऊक नव्हता! हायसं वाटून उठले, तोवर ती म्हणाली, "आणायला मलाच धाडलंतं."

"मग?"

"मग काय? पारूचा शिवाबी तेवढाच. दोघं एकाच वाकळंवर. दोघंबी काळी. पारू पाण्याला गेलती..."

"आत्ती, तू नीट बघून उचललंस ना?"

"बघितलं की! गप हुतं ते उचललं. आमच्या घरात रडणारी काय कमी हुती?"

"आणि आजीला कळलं नाही?"

"ती तापानं फणफणलेली. कळलं असंल, नसंल... दोन्ही जगली. कोण इचारतंय?"

माझी झोप उडाली. माझं नाक आजीवर गेलंय असं सगळे म्हणतात. ते आता कुणाचं समजायचं? शिवाकाकांच्या सोप्यात जाऊन त्यांचं नाक निरखलं, तर म्हणाले, "काय गं, माशी बसलीया?" शेवटी मी डीएनए चाचणीचं काढलं. आत्ती उसळलीच.

"आन् आपला न्हाय निघाला तर परत देणार हाईस? सत्तरी गाठलीया त्यानं. कोण घील त्याला?"

पलीकडे आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी शांतपणे पान उलटलं.

आत्तीला मूलबाळ नव्हतं, म्हणून क्रिया भावानं करायची. दहाव्याला नदीवर न्हाव्यानं हाक दिली, "भाऊ कोण? बसा." आप्पा बसले. त्यांच्या शेजारी टोपी काढून शिवाकाकाही बसले. न्हावी दोघांकडे बघतच राहिला.

"बघतोस काय?" शिवाकाका म्हणाले, "तिनं मलाबी सांगितलंय. चालीव वस्तरा."

चाचणी मी केली नाही. आत्तीचं सुतक दोन्ही घरांनी पाळलं.