याआधी कोठेही गेलो नाही

मन्मथअप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होतो. राणीसावरगावहून त्यांच्या भावकीतला एक माणूस सायकलीवर आला होता. दारातच उभा राहून, उपरण्यानं घाम पुसत तो म्हणाला, "मास्तर, अप्पा सुटले." मी खडू खाली ठेवला. मला त्या शब्दाचा इतका राग आला की एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. गेल्या पाच आठवड्यांत तोच शब्द मी हेडमास्तरांकडून ऐकला, पोस्टमनकडून ऐकला, शेजाऱ्यांकडून ऐकला. सुटले. माणूस अडकला कसा, हे मात्र कोणी विचारत नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो आहे. मला लिहायला वेळ लागतो; राग असला की अधिकच लागतो.

अप्पा गंगाखेडच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कानामागे टाक आणि डाव्या गालात तंबाखूची गोळी. ती गोळी सकाळी तिथे जाऊन बसली की जेवायच्या वेळीच हलायची. शेतकरी, विधवा, शिपायाच्या जागेसाठी आलेली पोरं, सगळे त्यांच्यापुढे उकिडवे बसत आणि आपलं गाऱ्हाणं उलटसुलट सांगत. अप्पा डोळे मिटून ऐकत. सगळं ऐकून झालं की म्हणत, "हे जे बोललास ना, ते घरी बायकोला सांग. सायबाला काय सांगायचं ते मी लिहितो." आणि लिहीत. अक्षर असं की कागद लांबून बघितला तरी माणूस अदबीनं उभा आहे असं वाटावं.

निजामाच्या अमलात हे सगळं उर्दूत चाले. अंमल गेला, मग हळूहळू कचेरीत मराठी आली, आणि चाळिशी उलटलेले अप्पा एका संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसले. "मास्तर, पोटाची भाषा बदलली. शिकवा." पुढे सहा महिने ते रोज आले. मराठी ते बोलतच होते. शिकायची होती ती कागदावरची. एकेक उर्दू वाक्य ते म्हणत आणि मी त्याला मराठी जोड शोधून देई. पहिल्याच दिवशी त्यांनी जे वाक्य सांगितलं ते त्यांच्या प्रत्येक अर्जाच्या आरंभी असे: सायल इस से कब्ल कहीं रुजू नहीं हुआ. मी लिहून दिलं: "अर्जदार याआधी कोठेही गेलेला नाही." मी विचारलं, हे वाक्य कशासाठी? गेलेला असला तरी? अप्पा हसले. "मास्तर, तुमी पुस्तकं वाचलात, कचेऱ्या न्हाई वाचल्या. माणूस आधी दुसऱ्या दारात जाऊन आलाय असं कळलं की सायब म्हणतो, मंग तिकडंच जा. नव्या दारात कोरं जायचं. मागचा कागद दावायचा न्हाई."

हे त्यांचं शास्त्र होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या शास्त्रावर त्यांनी कितीतरी लोकांची कामं करून दिली. मला ते पटलं नव्हतं, पण वाक्य मात्र मीच बेतून दिलं होतं. नेटकं, शुद्ध मराठी वाक्य.

गालातला चट्टा मी पहिल्यांदा पाहिला तो ते जांभई देताना. पांढरा, दुधाच्या सायीसारखा. मी विचारलं. "चुन्यानं पोळलंय," म्हणाले. वर्षभरात तिथे जखम झाली. काथ लावून झाला, मध लावून झाला. वहिनींनी तंबाखूची चंची दोनदा चुलीत घातली. तिसरी अप्पांनी पेटीत लपवली. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं आणि आम्हाला हैदराबादला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात जखमेचा कण काढून तपासला. कॅन्सर. तोंडाच्या आतल्या अस्तराचा, तंबाखू धरणाऱ्यांना होतो तो. मी सोबत होतो. रेडियमचा शेक दिला, गाल आतून सोलवटून निघाला, महिनाभर अप्पा ताकावर राहिले... आणि जखम भरली. सहा महिने ते पुन्हा लिंबाखाली बसले. मग गालावर बाहेरून सुपारीएवढी गाठ लागली.

दुसऱ्या खेपेला हैदराबादच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि उभ्याउभ्याच सांगितलं की पुन्हा शेक देता येत नाही, कापण्यासारखंही राहिलेलं नाही. मुंबईला एका इस्पितळात नवं औषध देऊन पाहत आहेत, आणि तुम्ही आता मुंबई राज्याचेच, तर तिथे लिहा, रेडियम दिल्याचा हा कागद जोडा. एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले. त्या माणसावर मी आजही चिडलेला आहे. तो वाईट नव्हता, थकलेला होता. पण कागद का जोडायचा, एवढं सांगायला आणखी एक वाक्य लागलं असतं. एकच. रोग्याला औषध द्यायचं, पण औषधामागचा विचार द्यायचा नाही, ही कुठली रीत?

परत आल्यावर मी परभणीच्या वाचनालयात जाऊन इंग्रजी साप्ताहिकांचे गठ्ठे उपसले. एकात त्या औषधाविषयी लिहिलेलं सापडलं. मूळ रक्ताच्या कॅन्सरसाठी काढलेलं; वाढत्या पेशीला जे पोषण लागतं त्याच्याच रूपानं आत शिरून तिची वाढ अडवणारं. आता तोंडाच्या आणि गळ्याच्या गाठींवर देऊन पाहत होते. गाठी आटल्याची उदाहरणं होती. मी अप्पांना ते सगळं मराठीत वाचून दाखवलं. ते खुश झाले. "म्हंजे वेषांतर करून आत जायलाय म्हणा की! हे तर आपल्याच जातीचं औषध निघालं." त्या लेखात आशा भरपूर होती. ते औषध कोणाला देतात आणि कोणाला देत नाहीत, हे मात्र कुठेही नव्हतं.

अर्जाचा मसुदा अप्पांनीच केला. इंग्रजी मी करायचं ठरलं. मसुदा हातात घेतला आणि पहिलंच वाक्य दिसलं. अर्जदार याआधी कोठेही गेलेला नाही.

"अप्पा, हैदराबादेत रेडियम घेतलंय आपण. डॉक्टरांनी कागद दिलाय."

"तो पेटीत राहू द्या."

"हे इस्पितळ आहे, कचेरी नाही."

"दारावर शिपाई हाय का न्हाई? मंग कचेरीच हाय." गाल सुजला होता, तरी आवाजात तीच ऐट होती. "हैदराबादेत बिघडवून आणलेला माणूस मुंबईचा सायब कामून हातात घेईल? कोरा माणूस दावा, मास्तर. कोऱ्याला नवं औषध पयल्यांदा मिळतंय."

मी वाद घातला, पण फार नाही. हे मला कबूल केलं पाहिजे. ते त्यांच्या कामात तीस वर्षं मुरलेले, आणि मी पुस्तकातला माणूस. मला वाटलं, यांना ठाऊक असेल. मी ते खोटं वाक्य चांगल्या इंग्रजीत उतरवलं, सही घेतली आणि पोस्टात टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं: रोग्याने प्रथम रेडियमचा उपचार घ्यावा, त्याने गुण न आल्यास या इस्पितळास कळवावे. मी ते वाचलं आणि त्या लेखात जे नव्हतं ते कळलं. ते औषध ज्यांचे बाकीचे सगळे उपाय संपले आहेत त्यांच्यासाठीच होतं. जो कागद आम्ही दडवला होता, तोच आत जायचा परवाना होता.

मी तेव्हाच अप्पांना म्हटलं, आजच्या आज तो कागद पाठवू. अप्पांनी मान हलवली. "पयला जबाब नकाराचाच असतो. महिना जाऊ द्यायचा, मंग स्मरणपत्र द्यायचं. लगेच बोलणं फिरवलं की अर्जदार लबाड ठरतो." महिना गेला. स्मरणपत्र गेलं. तेच उत्तर आलं, शब्दही बदलला नव्हता. तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती आणि अप्पांना पातळ भातसुद्धा गिळवत नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन ओरडलो. मी आयुष्यात कोणावर ओरडलो नव्हतो, वर्गातसुद्धा नाही. वहिनी चुलीपासून उठून आल्या आणि त्यांनी स्वतःच पेटीतून तो कागद काढून माझ्या हातात दिला. "न्या भाऊजी. ह्यांचं ऐकून लय लोकांचं भलं झालं आसंल, माझं व्हायचं न्हाई."

कागद रजिस्टर पोस्टानं गेला. या वेळी उत्तर आठ दिवसांत आलं: रोग्यास त्वरित घेऊन यावे.

मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबईला गेलो. तोंडाला फडकं बांधून अप्पा खिडकीशी बसले होते. बोलणं बंद झालं होतं. मी शाळेतली एक पाटी सोबत घेतली होती. मुंबईचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी बसवून, नीट तपासलं. रक्त पाहिलं, लघवी पाहिली, दोन दिवस ठेवून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे औषध विषच आहे. निरोगी पेशीही मारतं. अंगात थोडी ताकद असावी लागते, मूत्रपिंडं शाबूत लागतात. यांना आता दिलं तर गाठीआधी हेच जातील. तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर नक्की दिलं असतं."

मी विचारलं, "तर ते बरे झाले असते?"

ते म्हणाले, "खरं सांगू? गाठ बहुतेक आटली असती. काही आठवडे जेवले असते, बोलले असते. मग ती परत आली असती. अजून आम्हीच शिकतो आहोत."

लोक मला म्हणतात, बघा, तसाही उपयोग नव्हताच. अशा लोकांपुढून मी उठून जातो. काही आठवडे जेवणं, बोलणं हे त्यांना काहीच वाटत नाही? ते आठवडे अप्पांचे होते. त्यांनी ते लिंबाखाली घालवले असते, वहिनींशी भांडण्यात घालवले असते. ते कशानं गेले? एका थकलेल्या डॉक्टरच्या न बोललेल्या वाक्यानं, आणि मी लिहिलेल्या एका वाक्यानं. आणि अप्पांच्या हट्टानं. होय, मेलेल्या माणसावरही मी रागावलेला आहे. तो हट्ट त्यांना शिकवणाऱ्या, माणसाला एका दारातून दुसऱ्या दारात हाकलणाऱ्या साऱ्या कचेऱ्यांवरही.

खाटेशी परत आलो तर अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहून सगळं ओळखलं होतं. पाटी मागून घेतली. उर्दूत लिहिलं, त्याच जुन्या वळणदार अक्षरात: अर्ज नामंजूर. कारण, लिहिणारा नालायक. आणि त्या फडक्याआड ते हसले. मला हसू आलं नाही. पाटी पुसून त्यांनी पुन्हा लिहिलं: नालायक मी, मास्तर. तुम्ही नुसते नक्कल उतरवणारे.

त्यानंतर मूळ गावी, राणीसावरगावला, ते अठरा दिवस होते. त्यांच्या लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच माती दिली. मांडी घातलेले, पाठ ताठ, पुढ्यात पेटी असल्यासारखे.

ती पेटी वहिनींनी माझ्याकडे पाठवली. आत टाक होते, ती तिसरी चंची होती, आणि मुंबईहून परत मिळालेला, दोन दवाखान्यांचे शिक्के असलेला हैदराबादचा कागद. अप्पांकडून अर्ज लिहून घेणारी माणसं आता बाजारच्या दिवशी माझ्या ओसरीवर येतात. मी नको म्हणत नाही. मागल्या सोमवारी एक म्हातारी आली. नवऱ्याला क्षय आहे. परभणीच्या दवाखान्यात खाट मिळावी म्हणून अर्ज हवा होता. मी विचारलं, याआधी कुठे दाखवलं?

"कुठंबी न्हाई," ती झटकन म्हणाली.

तिच्या गाठोड्यातून छापील कागदाचा कोपरा बाहेर आला होता. मी म्हटलं, तो कागद बघू. तिनं गाठोडं मांडीखाली ओढलं. "त्यो दावायचा न्हाई. अप्पांनी सांगून ठिवलंय. लय वरसं झाली, पर मी इसरले न्हाई."

मी तिच्यावर चिडणार होतो. जिभेवर शब्द आले होते. मग पेटी उघडली, अप्पांचा कागद काढला आणि तिच्यापुढे उलगडून ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. मी तो कोणाचा आहे ते सांगितलं, आणि तो पेटीत पडून राहिल्यानं काय झालं तेही सांगितलं, सगळं, माझ्या इंग्रजीसकट. तिनं त्या दोन शिक्क्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं गाठोडं पुढे ओढून त्याची गाठ सोडली, आणि कागद माझ्या हातात देताना माझ्यावरच खेकसली, "मंग हे आधी कुणी सांगू न्हाई का?"