छाती भर आती है

एकाहत्तरची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. आमची बटालियन पंजाबात होती. हवालदार मारुती आणि मी, त्यांच्या हाताखालचा नायक, दोघेही न्हावऱ्याचे. रजा संपली की बरोबरच निघायचो. एसटीनं दौंड, तिथून रेल्वे. पलटणीत ते हवालदारसाब, गावात माझे आप्पा.

त्या दुपारी दौंड स्टेशनचा पूल चढताना आप्पांनी ट्रंक खाली ठेवली आणि पायरीवरच बसले. घामानं शर्ट भिजला होता. थोड्या वेळानं उठले. "चल, गेलं." रजेत शेताचा बांध चढतानाही दोनदा असंच झालं होतं, हे तेव्हा कुठं बोलले. गाडीला अवकाश होता. मी हट्टानं त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर उत्तरेकडचे, भला माणूस. त्यांनी विचारलं, "सीने में दर्द है?"

"नहीं, साब."

आप्पा खोटं बोलत नव्हते. आमच्याकडं दुखणं म्हणजे कळ, ठणका. त्यांना छातीत भरून यायचं, ओझं ठेवल्यासारखं. तेच त्यांनी पलटणीच्या हिंदीत सांगितलं, "छाती भर आती है, साब."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घर सोडताना सगळ्यांचंच मन भरून येतं, म्हणाले. मी मध्ये पडलो, चढताना होतं म्हणून सांगितलं. मग त्यांनी आप्पांना पलंगावर निजवून कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी साफ निघाली. गॅसची गोळी देऊन आम्हाला सोडलं. मशीनपुढं नायकानं काय बोलायचं?

पुलाशी मी त्यांची ट्रंक मागितली.

"हवालदाराला ट्रंक उचलाया नायक लागतो व्हय?"

अर्ध्यावर ते पुन्हा बसले. "भरून आलंय रं," एवढंच म्हणाले. मी कॉलर सैल केली, हमालाला दवाखान्याकडं पिटाळलं. डॉक्टर धावत आले, पण आप्पा गेले होते. खाली आमची गाडी लागली होती.

पुढं एका मिलिटरी हॉस्पिटलात पाहिलं. छातीच्या रोग्याला दोन पायऱ्यांवर चढ-उतार करायला लावत आणि लगेच पट्टी काढत. पडल्या पडल्या न दिसणारा हृदयाचा रोग त्यात कधी कधी सापडतो, असं ऑर्डर्लीनं सांगितलं. त्याच्यासमोरच मला रडू आलं. लाकडाच्या दोनच पायऱ्या होत्या.

आप्पांना गावी आणलं, त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला एकच विचारलं होतं. "लई दुखलं का रं त्यास्नी?"

"न्हाई, काकू. डॉक्टरांनी इचारलं, तवा न्हाई म्हनले."