फ्रान्सिसचा सिसू

रीटाचा फोन आला तेव्हा मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात फ्रान्सिसचाच चहा झाकून ठेवत होते. उम्म अल कुवैनहून येताना ट्रॅफिक लागलं की त्याला उशीर व्हायचा. "अगं, तो उठलाच नाही," एवढंच त्याची बायको म्हणाली. महिना उलटला, ते वाक्य कानातून जात नाही...

फ्रान्सिस वसईचा. अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी. माणूस एक नंबरचा हट्टी आणि शब्दांचा नादी. हेलेना ही फिनलंडची मॅनेजर आली, तर महिन्याभरात त्याने तिच्याकडून एक शब्द उकळला, सिसू. मूळ 'आत' या अर्थाच्या शब्दातून आलेला. म्हणजे आतलं, पोटातलं बळ, सगळं संपल्यावरही पाय पुढे टाकायला लावणारं. तिकडे 'त्याच्यात सिसू आहे' असं म्हणतात, हे तो पँट्रीत सगळ्यांना बजावायचा. मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही दोन दुपारी भांडलो. मी जिद्द म्हटलं, चिकाटी म्हटलं. त्याचं म्हणणं, जिद्दीला काहीतरी मिळवायचं असतं, याला तसं काही नसतं. "कळ सोसणं म्हण," तो म्हणाला, आणि मला पटलं. पटायला नको होतं.

इथे आखातात आम्ही सगळेच दुखणी गावच्या सुट्टीसाठी साठवून ठेवतो. दात, गुडघा, चष्म्याचा नंबर... सगळं 'गावी गेल्यावर दाखवू'. मार्चपासून फ्रान्सिस जिन्यात थांबून डावा खांदा चोळायचा. विचारलं तर म्हणे, इथे दाखवलं आणि ॲडमिट केलं तर सुट्टी बोंबलली. दोन वर्षं आईला बघितलं नाही. जुलैत वसईच्या डॉक्टरला दाखवतो, खलास. आणि एरवी सगळ्यांवर ओरडणारी मी काय म्हणाले? "सिसू आहे बाबा तुझ्यात!" तो खूश होऊन हसला. मीही हसले, मूर्खासारखी.

फ्रान्सिसच्या घरी झालेल्या प्रार्थनेला हेलेना आली होती. बाहेर उभी राहून सांगत होती की जुन्या काळी हा शब्द वाईटासाठीही वापरायचे; दुष्ट स्वभावाच्या माणसाला 'वाईट सिसूचा' म्हणत. आणि सिसू अती झाला की माणूस कुणाचंच ऐकत नाही, स्वतःच्या शरीराचंही नाही. फ्रान्सिसला आपण चांगली बाजू तेवढी सांगितली, म्हणून ती रडत होती. तुझी चूक नाही, म्हटलं मी तिला. मग कुणाची, ते बोलले नाही.

गेल्या शुक्रवारी रीटाकडे गेले. फ्रान्सिस सुट्टीच्या तीन महिने आधीपासून बॅग उघडून ठेवायचा, आठवेल तसं त्यात टाकायचा. ती अजून पलंगाशेजारी उघडीच आहे. आईसाठी खजूर, बाम, आणि वर वसईच्या डॉक्टरसाठी त्याच्या अक्षरातला कागद. जिना चढताना दुखतं. मग, चालताना. शेवटची ओळ, बसल्या जागीही... सगळं कळत होतं त्याला. मी कागद परत ठेवला. दोन आठवडे ठणकणाऱ्या दाढेवर माझा हात गेला, आणि रीटाने विचारलं, दाखवलंस का?

"सुट्टीत दाखवीन," मी म्हणून गेले.