ताटातलं नाव

माझ्या भावाच्या दोन्ही बायकांचं नाव यशोदा. पहिलीचं तिच्या आईबापांनी ठेवलेलं, दुसरीचं आम्ही.

चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून पहिलीला वळ गावाला माहेरी पाठवलं, ती कायमचीच. पण तिचं नाव भावाने जत्रेत हातावर गोंदवून घेतलं होतं, आणि काल्हेरच्या आमच्या गोदामावरही तेच होतं. पाटी रंगवणारा भैया, त्यामुळे तिथे 'जसोदा' झालेलं. ट्रकवालेही 'जसोदावाला गोडाऊन' म्हणायचे. आई 'यसोदा' म्हणायची, चिडली की नुसतं 'यसे'.

दोन हजार पाचच्या सुमाराला भावाला शेलार गावची मुलगी केली. माप ओलांडून ती आत आली. तांदळाचं ताट माझ्या हातात होतं, त्यात भावाने अंगठीने तिचं नवं नाव लिहायचं होतं. मी तेव्हा कॉलेजात, तीन छान नावं शोधून ठेवली होती. आई म्हणाली, "आता काय त्याचा हात सोलायचा? यसोदाच लिव. हाय ते नाव वाईट न्हाय." बायका हसल्या. मीही हसले.

नवरी माझ्या कानाशी वाकली. "ताई, माझंच नाव ऱ्हाऊ द्या ना," म्हणाली, आणि ते नाव सांगितलं. मी ताट भावापुढे धरलं.

दोन वर्षांनी तिच्या डोक्यात मलेरियाचा ताप गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नावाने हाका मारत राहा. यशोदा, यसोदा, यसे, सगळं झालं. ती डोळे उघडेना. आई माझ्यावर खेकसली, "तिचं पयलं नाव घे गो! तुला सांगितलेलं ना तिनं?" मला आठवेना. तिने सांगितलं तेव्हा मी लक्षच दिलं नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगते, तिचाच रागही आला.

शेलारहून तिची आई धावत आली. उशाशी बसून तिने एकच हाक मारली. पोरीने डोळे उघडले.

आठवड्याने तिला घरी आणलं. आता ते नाव मला पाठ होतं. तिने उंबऱ्यात पाऊल ठेवलं तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. पण आई समोर उभी होती, भाऊही होता.

मी म्हटलं, "यशोदा, चहा ठेव जरा."